मागणी कोणाची

ऑफिसात त्यांना रकानेबाई म्हणत. तोंडावर नुसतं ‘बाई’, पाठ वळली की रकानेबाई. हे नाव कोणी पाडलं ते कळायला मार्ग नव्हता, पण चुकीचं पाडलं असं बाईंनाही म्हणता आलं नसतं. कागदावर एखादा रकाना रिकामा दिसला की त्यांचं बोट तिथे जाऊन थांबे, आणि तो भरेपर्यंत समोरच्या माणसाची सुटका नसे.

त्यांचं काम सांगायला सोपं आणि करायला कंटाळवाणं. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या ऑफिसाने एका डायलिसिस केंद्रासाठी अ‍ॅप बांधलं होतं. ज्यांची मूत्रपिंडं थकली आहेत अशी माणसं तिथे एक दिवसाआड येतात, चार तास यंत्राला जोडून पडतात, रक्त धुऊन घेतात आणि घरी जातात. यंत्रं बारा. दिवसाला पाळ्या तीन: सकाळी सहाची, अकराची आणि दुपारी चारची. कोणाला कोणती पाळी हे दर महिन्याला अ‍ॅप ठरवतं. आता केंद्राची दुसरी शाखा निघणार होती, शहराच्या दुसऱ्या टोकाला, आठ यंत्रांची. म्हणजे अ‍ॅप वाढवायचं. आणि वाढवायचं तर आधी ते आत्ता नक्की काय करतं हे कोणीतरी बसून लिहायचं. असलं ‘कोणीतरी’ म्हटलं की सगळ्यांच्या माना बाईंच्या टेबलाकडे वळत.

अ‍ॅपचं मॉडेल, म्हणजे त्याचा सगळा नकाशा, भिंतीवर लावलेलं होतं. रुग्णाची चौकट, यंत्राची चौकट, पाळीची चौकट, रुग्णासोबत येणाऱ्या माणसाची चौकट, आणि त्यांच्यामधून धावणारे बाण. केंद्राची चौकट नव्हतीच. केंद्र एकच होतं तेव्हा त्याला चौकट द्यायचं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. आता ती मध्येच घुसवायची होती, आणि ती घुसवली की निम्मे बाण उपटून पुन्हा लावायचे होते. मॉडेलशेजारी रिक्वायरमेंट्सची, म्हणजे अ‍ॅपने काय काय करायला हवं त्या मागण्यांची, जाडजूड फाईल. एकूण शहाऐंशी. प्रत्येकीला रकाने चार: क्रमांक, काय हवं, कारण, आणि मागणी कोणाची. हा चौथा रकाना बाईंनी घातलेला. ज्याने मागितलं त्याला ते मोठ्याने वाचून दाखवायचं आणि त्याची सही घ्यायची, हाही नियम त्यांचाच. पहिल्या वर्षी लोक हसले. मग सवयीने सही करू लागले.

गेले तीन आठवडे बाई डाव्या हाताला कोड आणि उजव्या हाताला मॉडेल ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहत होत्या. दोघांचं पटत नव्हतं, आणि ते अपेक्षितच होतं. अकरा वर्षांत दहा जणांचे हात लागलेले. कोणी घाईत काहीतरी घालून ठेवलेलं आणि “नंतर कागदावर आणू” म्हणून पुढे गेलेलं. तो ‘नंतर’ काही उगवला नव्हता. यंत्र बिघडलं तर पुढची पाळी अर्धा तास सरकते, याचा मॉडेलमध्ये पत्ता नव्हता. मॉडेलमध्ये एक बाण असा होता की ज्याचा कोडमध्ये पत्ता नव्हता. बाईंनी सगळं खोदून काढलं, ज्याने त्याने केलेलं त्याच्या पदरात घातलं, जे नोकरी सोडून गेले होते त्यांना फोन करून छळलं. त्यांचे डोळे संध्याकाळपर्यंत चुरचुरायला लागत आणि मान अशी आखडे की बसमधून उतरताना बाजूला बघायचं तर सबंध वळावं लागे.

साहेब बाईंपेक्षा बारा वर्षांनी लहान होते आणि माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी सरळ सांगितलं होतं, “बाई, नवीन कोड बाहेरची मंडळी लिहिणार आहेत. जुना ते उघडूनही बघणार नाहीत. कागदावर असेल ते येईल, नसेल ते गेलं. शुक्रवारी मला तुमची सही हवी, की मॉडेल आणि कोड एकमेकांना धरून आहेत म्हणून.”

बुधवारी दुपारी बाई पाळ्या वाटणाऱ्या भागाशी आल्या. तिथे दोन ओळी होत्या. रुग्णासोबत येणाऱ्या माणसाचं वय पासष्टच्या वर असेल तर त्या रुग्णाला सहाची पाळी देऊ नये, चारचीही देऊ नये. म्हणजे अकराचीच द्यावी. कोडमध्ये प्रत्येक बदलाशेजारी करणाऱ्याचं नाव आणि तारीख राहते. इथे नाव बाईंचं होतं.

त्या विसरल्या नव्हत्या. फक्त इतकी वर्षं त्यांनी तिकडे पाहिलं नव्हतं.

तेव्हा ऑफिसात तिघंच होती आणि बाई स्वतः कोड लिहीत. अ‍ॅप सुरू होऊन चार महिने झाले आणि त्यांच्या आईलाच त्या केंद्रात जावं लागलं. पहिल्याच महिन्यात पाळी आली सहाची. सोबत नाना, म्हणजे बाईंचे वडील. तेव्हा अडुसष्ट वर्षांचे, डोळ्यांत मोतीबिंदू, आणि अंधारात बाहेर पडायचं म्हणजे दोन्ही हात पुढे करून चालायचे. भल्या पहाटे ही दोघं रस्त्यावर उभी आहेत, हे चित्र बाईंच्या डोळ्यांसमोरून हलेना. केंद्रात शब्द टाकावा, तर तो त्यांचा स्वभाव नव्हता. ओळखीने पाळ्या मागायला येणाऱ्यांचा त्यांना मनस्वी राग होता. मग त्यांनी दोन ओळी लिहिल्या. एका घरासाठी नाही, सगळ्याच म्हाताऱ्यांसाठी, अशी मनाची समजूत घातली. पुढच्या महिन्यात आईला अकराची पाळी मिळाली. अडीच वर्षं तीच मिळत राहिली. मग आई गेली. ओळी राहिल्या.

लोकांच्या रिकाम्या रकान्यांवर बोट ठेवणाऱ्या बाईंनी आयुष्यात एकच गोष्ट कागदावर न आणता केली होती. ती आता त्यांच्यासमोर पडद्यावर होती आणि तिला ना क्रमांक होता, ना कारण, ना मागणी.

लिहिली नाही तर शुक्रवारनंतर ती आपोआप गेली असती. कोणाला कळलंही नसतं. पण बाईंनी आकडा काढला: आत्ता बहात्तर रुग्णांपैकी एकोणीस जणांसोबत पासष्टच्या वरची माणसं येत होती. ओळी गेल्या की पुढच्या महिन्यात त्यांतली निम्मी तरी पहाटे नाहीतर रात्री रस्त्यावर. आणि लिहायची तर चौथ्या रकान्यात काय लिहायचं? केंद्र सुरू करणारे म्हातारे डॉक्टर चार वर्षांपूर्वी वारले होते. त्यांचं नाव घातलं असतं तर कोण विचारायला जाणार होतं? गेलेला माणूस ‘मी नाही बुवा मागितलं’ म्हणत नाही. बाईंनी त्यांचं नाव टाइपही केलं. मग स्वतःचीच शिसारी येऊन पुसलं.

गुरुवारी सकाळी त्या केंद्रात गेल्या. निमित्त नव्या शाखेच्या रिक्वायरमेंट्सचं. मोठ्या सिस्टर पहिल्या दिवसापासून तिथे होत्या, आणि त्यांना जितकं ठाऊक होतं तितकं कुठल्याच फाईलमध्ये नव्हतं.

“एक सांगते तुम्हाला,” सिस्टर म्हणाल्या, “तुमच्या अ‍ॅपला म्हाताऱ्यांची दया आहे. खरंच. त्यांना कधी पहाटेची पाळी देत नाही ते. आम्ही आपसात म्हणतो, कॉम्प्युटर असून माणुसकी आहे. नव्यातही ठेवा तेवढं.”

“हे तुम्ही मागितलं होतं का?” बाईंनी विचारलं. ‘हो’ आलं असतं तर चौथा रकाना तिथल्या तिथे भरला असता.

“मी कशाला मागू? मला वाटलं तुमचंच डोकं.”

सहाची पाळी सुटत होती. दंडावर पट्टी दाबून धरलेला एक माणूस दाराशी थांबला. चाळिशीचा, बसकी गालफडं, पायात चामड्याचे जाड बूट.

“सिस्टर, पुढच्या महिन्याचं काय?”

“सहाच, दादा.”

“बरं,” तो म्हणाला आणि गेला. भांडला असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

“शाळेची गाडी चालवायचा,” सिस्टर त्याच्या पाठीकडे बघत म्हणाल्या. “तीन वर्षांपूर्वी इथे लागला. सहाची पाळी आणि सातला मुलांना आणायचं; चारची मिळाली तर पाचला परत सोडायचं; कसं जमणार? सोडली गाडी. आता दुपारी कुठल्या गोदामातून सामान पोचवतो. अकराची मिळेल का म्हणून सारखा विचारायचा. पण अकराच्या जागा दोन्ही आलटून-पालटून दिवसांच्या मिळून चोवीस, त्यातल्या एकोणीस म्हाताऱ्यांच्या. उरल्या पाच. ‘मलाच का सहाची’ म्हणायचा. मी काय सांगणार? म्हटलं, कॉम्प्युटर ठरवतो.”

बाई परत बसमध्ये बसल्या तेव्हा त्यांना कधी नव्हे इतकं थकल्यासारखं वाटत होतं. दोन ओळींनी कोणाचं तरी काहीतरी जात असणार हे गणित त्यांना अकरा वर्षांपूर्वीही येत होतंच. चोवीस जागा चोवीसच असतात. त्यांनी ते मांडलं नव्हतं इतकंच. तरीही एकोणीस म्हातारी माणसं एका पारड्यात होती आणि नियम ठेवायलाच हवा असं त्यांना अजून वाटत होतं. फक्त तो सरळपणे ठेवायचा. खरं लिहायचं: मागणी कोणाची, तर रुग्णासोबत येणाऱ्या एका गृहस्थांची. नाव नानांचं. लोक म्हणतील, बाईंनी बापाची सोय केली. म्हणोत. तीस वर्षांच्या नोकरीत एकदा तोंड काळं झालं म्हणून काही जग बुडत नाही, आणि निवृत्तीला दोन वर्षंच उरली होती.

संध्याकाळी त्यांनी कागद छापून घरी नेला. रिक्वायरमेंट क्रमांक सत्याऐंशी. ज्याने मागितलं त्याला वाचून दाखवायचं आणि सही घ्यायची.

नाना आता एकोणऐंशीचे. मोतीबिंदू केव्हाच काढलेले, तरी भिंग हातात घेतल्याशिवाय ते काही वाचत नसत. जेवणाच्या टेबलाशी बसून ते गोळ्यांच्या डबीत आठवड्याच्या गोळ्या भरत होते.

“नाना, एक सही हवीय. ऑफिसचं आहे. आधी वाचून दाखवते.”

“दाखव.”

बाईंनी वाचलं. काय हवं: सोबत्याचं वय पासष्टच्या वर असल्यास पहिली आणि शेवटची पाळी देऊ नये. कारण: वृद्ध सोबत्यास अंधारात प्रवास करणे धोक्याचे. मागणी कोणाची, यापुढे नानांचं पूर्ण नाव.

नानांनी डबीचं झाकण लावलं. “मी कधी मागितलं हे?”

“तुम्ही नाही मागितलं तसं. पण तुमच्यामुळे केलं होतं. आईच्या वेळी.” आणि मग बाईंनी सगळं सांगून टाकलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. बोलताना त्यांचा आवाज ऑफिसात निघतो तसा सपाट निघत होता.

नानांनी गोळ्यांची डबी बाजूला सारली. मग म्हणाले, “म्हणजे ते तू केलं होतंस होय.”

“हो.”

“आम्हाला सहाची हवी होती गं.”

बाईंना वाटलं, नानांचा काहीतरी घोटाळा होतोय. “सहाची? नाना, तुम्हाला अंधारात दिसत नव्हतं. दरवाजाची कडी सापडायची नाही तुम्हाला.”

“दिसत नव्हतं ते खरं. पण कोपऱ्यावरचा टॅक्सीवाला यायला तयार होता की. बोलून ठेवलं होतं मी त्याच्याशी. दाराशी गाडी लावून आईला हात धरून बसवायचा तो. पहिला महिना तसंच केलं आम्ही. तुझी झोप मोडू नये म्हणून आवाज न करता निघायचो, आणि टॅक्सीचा खर्च तू अंगावर घेशील म्हणून सांगितलं नाही. मग एकदम अकराची झाली. तुझ्या आईने सिस्टरांना किती वेळा सांगितलं, सहाची द्या म्हणून. सिस्टर अ‍ॅपमध्ये घालून बघायच्या, ते लाल व्हायचं. घेत नाही म्हणायच्या.”

“मला का नाही सांगितलंत?”

“तुला?” नाना जरा हसले. “ओळखीने पाळ्या मागणाऱ्यांना तू रोज जेवताना शिव्या घालायचीस. तुझी आई म्हणाली, आपल्या पोरीवर ती पाळी नको आणायला. जे मिळतंय ते घेऊ.”

बाई उभ्याच होत्या. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. “पण सहाची कशाला हवी होती तिला? एवढ्या पहाटे उठून?”

“सहाची असली की दहाला सुटका. साडेदहाला घरी. तासभर पडून घेतलं की दुपारी उठून बसता येतं.” नानांनी भिंग टेबलावर ठेवलं. “तेव्हा तुमचं ऑफिस इथे मागच्याच रस्त्याला होतं ना. तू दीडला जेवायला घरी यायचीस. तिला तेव्हा घरी असायचं होतं. दुसरं काही नाही.”

बाईंना ते दीड वाजणं लख्ख आठवलं. कुलूप उघडायचं, झाकलेलं ताट काढायचं, उभ्या उभ्या जेवायचं आणि पुन्हा कुलूप. आई दहालाच स्वयंपाक करून निघालेली असायची आणि दीडला यंत्राला जोडलेली असायची. जेवताना बाई मनात म्हणायच्या, असू दे, निदान उजेडात गेली आहेत दोघं. त्या विचाराने त्यांना घास गोड लागायचा. अडीच वर्षं, एक दिवसाआड. मधल्या दिवशी आई इतकी गळून गेलेली असायची की पडद्याआड झोपलेलीच असायची, आणि तिला उठवू नये म्हणून बाई ताटाचाही आवाज करत नसत.

शहाऐंशी रिक्वायरमेंट्स त्यांनी ज्याच्या त्याला वाचून दाखवल्या होत्या. ही एकच अशी, की जिच्यासाठी नुसतं शेजारच्या खोलीत जायचं होतं. त्या गेल्या नव्हत्या. आपल्याला माहीतच आहे, असं त्यांना वाटलं होतं. त्यांना रडू आलं, आणि या वयात बापासमोर रडायची लाजही वाटली नाही.

नानांनी पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला. मग त्यांनी कागद स्वतःकडे ओढला, खिशातलं पेन काढलं. “आण. कुठे करायची सही? तुझं काम अडायला नको.”

“नको,” बाई म्हणाल्या आणि कागद त्यांच्या हाताखालून काढून घेतला.

शुक्रवारी सकाळी साहेबांनी फाईल उघडली आणि शेवटच्या पानावर थांबले. “सत्याऐंशी. कारण: लिहिणारीने गृहीत धरले. मागणी कोणाची: कोणाचीही नाही.” त्यांनी मान वर केली. “बाई, हे काय आहे?”

बाईंनी सांगितलं. आईचं, टॅक्सीवाल्याचं, शाळेच्या गाडीचं. लपवाछपवी केली नाही आणि रंगवूनही सांगितलं नाही. साहेब ऐकत राहिले. कोडमध्ये चोरून घातलेल्या ओळींबद्दल काहीतरी बोलायला हवं हे त्यांना कळत होतं, पण आधी फाईलचं मिटवायचं होतं.

“मग काढून टाकायचं ना?” शेवटी त्यांनी विचारलं. “मागणीच नाही म्हटल्यावर.”

“काढायचं की ठेवायचं ते मला माहीत नाही. एकोणीस घरं आहेत. आज मला त्यांना फोन करू द्या. मॉडेलमध्ये सोबत्याच्या वयापासून पाळीकडे जाणारा बाण मी काढलाय, त्या जागी ‘पसंतीची पाळी’ असा रकाना टाकलाय. तो कोणी भरलेला नाही. तो भरल्याशिवाय मी सही करणार नाही.”

“आणि तो शाळेच्या गाडीवाला?”

“त्याच्याकडे संध्याकाळी जाणार आहे. ते फोनवर सांगण्यासारखं नाही.”

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग कॅलेंडरकडे. “सोमवारपर्यंत सांभाळतो मी,” ते म्हणाले. “ओळींबद्दल नंतर बोलू. बोलावं लागेल.”

“बोला,” बाई म्हणाल्या.

टेबलाशी येऊन त्यांनी एकोणीस नावांची यादी पुढ्यात घेतली. मान आखडलेली होती, डोळे रात्रभर न मिटल्याने जड झाले होते. पहिला नंबर लावला. सोबती, वय बहात्तर, नातं पत्नी. पलीकडे बराच वेळ घंटी वाजली. मग एका म्हातारीचा धापा टाकणारा आवाज आला.

“डायलिसिसच्या पाळीबद्दल विचारायचं होतं,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला नेहमी अकराची मिळते. तीच हवी की दुसरी कुठली?”

“आम्हाला?” पलीकडची म्हातारी थांबली. “मला नका विचारू बाई. सुया त्यांना टोचतात. थांबा हं, ह्यांना विचारते.”

फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज झाला. चपला ओढत कोणी आत गेलं. आतून दोघांचं बोलणं ऐकू येऊ लागलं, शब्द कळत नव्हते. बाई कानाला फोन लावून थांबल्या.